काहीच पोटात ठरत नाहीये ताई, काय करू?

मागच्या वेळी गरोदरपणातल्या झोपेबद्दल लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली त्यात झोप राहिली बाजूला आणि उलट्यांचेच प्रश्न जास्त निघाले, म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देतेय. मी प्रसूती विभागात बरीच वर्षं नर्स म्हणून काम केलंय, त्यामुळे जे सांगेन ते पुस्तकातलं थोडं आणि पेशंटच्या पलंगाशेजारी उभं राहून बघितलेलं जास्त.

प्रश्न : ताई, मला सातवा आठवडा चालू आहे. सकाळी डोळे उघडले की लगेच घशाशी येतं, बेसिनपर्यंत पोचायच्या आत उलटी होते आणि मग दिवसभर मळमळ काही जात नाही, संध्याकाळी तर जास्तच. सगळे म्हणतात मॉर्निंग सिकनेस आहे, मग मला दिवसभर का होतंय? गोळ्या नको वाटतात, घरच्या घरी काय करता येईल? आणि बाळाला काही मिळतच नसेल या भीतीने रात्री झोप लागत नाही.

उत्तर : आधी ती रात्रीची भीती बाजूला काढूया, कारण झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी मळमळ अजून वाढते. सातव्या आठवड्यात तुझं बाळ जेमतेम एक सेंटिमीटरचं आहे गं, त्याला लागतं ते तुझ्या अंगातल्या साठ्यातून ते घेतंय. पहिल्या तीन महिन्यांत वजन वाढलं नाही, किंवा किलोभर कमी झालं, तरी बाळ उपाशी राहत नाही. आत्ता दोनच गोष्टींना जपायचं, एक म्हणजे पाणी पोटात राहिलं पाहिजे आणि दुसरी फॉलिक ॲसिडची गोळी, ती चुकवायची नाही. चौरस आहार वगैरे नंतर बघू.

मॉर्निंग सिकनेस हे नावच फसवं आहे, सकाळी, दुपारी, रात्री कधीही होतं आणि दिवसभर होणाऱ्याही खूप जणी असतात. दहातल्या सात-आठ बायकांना कमी-जास्त त्रास होतोच. बहुतेकींना सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतो, नवव्याच्या सुमारास सगळ्यात जोर असतो आणि १२ ते १६ आठवड्यांत ओसरतो, थोड्या जणींना २० पर्यंत खेचतो, अगदी मोजक्या जणींना शेवटपर्यंत राहतो. म्हणजे तुझे पुढचे दोन-तीन आठवडे अजून अवघड जाऊ शकतात, हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे वाढलं तर घाबरणार नाहीस.

आणि हे का होतं तेही ऐक, कारण 'फार मनावर घेतेस', 'नाजूक आहेस' असं ऐकून घेणाऱ्या मुली मी खूप बघितल्यात. बरीच वर्षं सगळं खापर एचसीजी या हार्मोनवर फोडलं जायचं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये 'नेचर' या मासिकात जे संशोधन आलं त्यात जीडीएफ-१५ नावाच्या हार्मोनकडे बोट दाखवलंय. हे बाळाकडून आणि वारेतून आईच्या रक्तात येतं आणि मेंदूतल्या मळमळ जागी करणाऱ्या भागावर काम करतं, आणि जिच्या अंगात ते गरोदरपणाआधी कमी असतं तिच्या शरीराला त्याची सवय नसते, त्यामुळे तिला जास्त त्रास होतो. त्यात प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनमुळे जठर संथ झालेलं असतं, खाल्लेलं लवकर खाली सरकत नाही. यात तुझ्या मनाचा काही दोष नाही आणि तू काही चुकीचं खाल्लं म्हणूनही हे झालेलं नाही.

आता सकाळचं बघू, कारण तुझी सकाळ सुधारली की अर्धा दिवस सुधारतो. रिकाम्या पोटी मळमळ वाढते आणि रात्रभरात पोट पूर्ण रिकामं होतं, त्यात तू डोळे उघडल्या उघडल्या ताडकन उठून बेसिनकडे जातेस. रात्री झोपतानाच उशाशी एका झाकणाच्या डबीत साधी कोरडी बिस्किटं किंवा टोस्टचे तुकडे ठेव. जाग आली की उठायचं नाही, डोकं उशीवरच, फार तर जरासं उंच करून, एक तुकडा तोंडात धरायचा आणि हळूहळू विरघळू द्यायचा, मग दुसरा. पाणी प्यायचं नाही लगेच. पंधरा-वीस मिनिटं तशीच पडून राहा, मग कुशीवर वळून हाताचा आधार घेऊन बस, पाय खाली सोडून मिनिटभर थांब, आणि मग उभी राहा. आमच्याकडे एक मुलगी यायची, तिला वाटायचं यात काय होणार, पण चौथ्या दिवशी सांगायला आली की पहिल्यांदा दात घासताना उलटी झाली नाही. सगळ्यांना इतका फरक पडेल असं नाही, पण मी सगळ्यात आधी सांगते ते हेच.

दात घासणं सुद्धा उठल्या उठल्या नको, खाल्ल्यावर अर्ध्या तासाने चालेल, ब्रश लहान घे, पेस्टचा वास नको वाटत असेल तर बिनवासाची किंवा अगदी थोडी घे. आणि उलटी झाली की लगेच ब्रश करू नको बरं का, जठरातल्या आम्लाने दातांवरचं आवरण मऊ झालेलं असतं, त्यावर ब्रश फिरवला की ते झिजतं. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून चूळ भर, साध्या पाण्यानेही चालेल, आणि ब्रश तासाभराने. तो सोडा चूळ भरायलाच, पित्तावर म्हणून प्यायचा नाही, गरोदरपणात नाहीच.

दिवसभर दर दीड-दोन तासांनी चार घास. भूक लागायची वाट बघायची नाही, भूक लागली म्हणजे उशीर झाला असं समज. गोड बिस्किटांवर दिवस काढला तर साखर चढते-उतरते आणि परत मळमळतं, म्हणून त्याच्या जोडीला थोडं प्रोटीन, दही, मूठभर दाणे, उकडलेलं अंडं, जे चालेल ते, आणि झोपायच्या आधीही थोडं. तेलकट, तिखट, जड नको. जेवताना पाणी नको, आधी किंवा नंतर अर्धा तास सोडून घोट घोट प्यायचं, एकदम ग्लासभर ओतलं की पोट ताणतं आणि सगळं बाहेर येतं. साधं पाणी नको झालं असेल तर थंडगार करून बघ, बर्फाचा खडा चघळून बघ, काही जणींना पातळ लिंबूपाणीच चालतं. आणि जे पोटात राहतं ते खा, सलग चार दिवस भात आणि दहीच खाल्लं तरी काही बिघडत नाही.

एक विसरत होते, तू लोहाची किंवा मल्टीव्हिटॅमिनची गोळी घेतेस का? लोहामुळे मळमळ वाढते खूप जणींची. ती रात्री खाऊन झोपताना घेऊन बघ, तरी त्रास झाला तर डॉक्टरांना विचार की सध्या फक्त फॉलिक ॲसिड चालेल का, बऱ्याचदा ते पहिल्या तीन महिन्यांपुरतं हो म्हणतात. आपल्या मनाने सगळंच बंद करू नको.

प्रश्न : आलं खरंच चालतं का गरोदरपणात? कोणी म्हणतं उष्ण पडतं, गर्भ पडेल, कोणी म्हणतं दिवसभर आल्याचा चहा पी. आणि लिंबू, पुदिना, मनगटाचे पट्टे, यातलं नक्की काय करू?

उत्तर : आलं चालतं. घरगुती उपायांमध्ये सगळ्यात जास्त अभ्यास आल्यावरच झालाय, मळमळ कमी होते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, उलट्यांवर मात्र तेवढा फरक पडत नाही, आणि या प्रमाणात घेतल्याने गर्भपात वाढतो असं दिसलेलं नाही. पण प्रमाण महत्त्वाचं. अभ्यासांमध्ये साधारण दिवसाला १ ग्रॅम सुंठ पावडर दिली होती, चार वेळा विभागून, म्हणजे सपाट अर्धा चमचा दिवसभरात मिळून, एका वेळी नाही. ताजं आलं असेल तर नखाएवढा तुकडा किसून गरम पाण्यात टाकायचा, पाच मिनिटं झाकून ठेवायचं, गाळायचं आणि कोमट झालं की घोट घोट घ्यायचं, असं दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. जास्त आलं म्हणजे जास्त आराम असं होत नाही, उलट छातीत जळजळतं आणि त्याने मळमळ अजून वाढते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आल्याचा उपाय नको, जेवणातलं थोडंफार आलं वेगळं.

लिंबाचं म्हणशील तर वास घेण्यावरही अभ्यास झालाय, २०१४ साली १०० गरोदर बायकांवरचा छापून आला होता आणि लिंबाच्या तेलाचा वास घेणाऱ्या बायकांना थोडा आराम मिळाला होता. घरी तेलाची वगैरे गरज नाही, कापलेलं लिंबू रुमालात बांधून जवळ ठेव, बसमध्ये, ऑफिसमध्ये, कुठे वास आला की नाकाशी धर. तोट्याचं काही नाही यात. आंबट चाटत-चोखत मात्र राहू नको दिवसभर, दात जातात.

पुदिना काहींना फार बरा वाटतो, पण जिला आंबट ढेकर येतात, जळजळतं, तिला तो त्रास देऊ शकतो, अन्ननलिकेचं खालचं तोंड त्याने सैल पडतं. मनगटाचं म्हणजे पी-६ नावाचा दाबाचा बिंदू असतो, मनगटाच्या घडीपासून आपलीच तीन बोटं आडवी ठेवायची आणि त्याच्या खाली मधोमध दोन शिरांसारख्या दोऱ्या लागतात ना, त्यांच्यामध्ये अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबायचं, मग दुसऱ्या हाताला. पट्टे मिळतात ते हेच काम करतात. अभ्यासांचे निकाल उलटसुलट आहेत, काहींना उपयोग होतो काहींना शून्य, पण अपाय नाही, फुकटचं आहे, करून बघ.

ज्याला मी स्पष्ट नाही म्हणते ते म्हणजे कुणीतरी दिलेले काढे, कशाचे आहेत ते माहीत नसलेल्या पुड्या, आणि सुगंधी तेलांचे थेंब पोटात घेणं. नैसर्गिक आहे म्हणजे बाळाला सुरक्षित आहे असं समजू नका, प्लीज.

प्रश्न : माझ्या बायकोला नववा आठवडा आहे. कांदा परतायला टाकला की ती दुसऱ्या खोलीत सुद्धा उमासे देते, माझ्या साबणाचाही वास नको म्हणते. काय खाणार विचारलं की रडते. मी नक्की काय करू?

उत्तर : तुम्ही विचारलंत हेच मला आवडलं. तिला वास खरोखर तसेच येतायत, ती वाढवून सांगत नाहीये, हे एकदा मनात पक्कं करा.

मग साबण बदला, बिनवासाचा आणा. परफ्यूम बंद. कचरा रोज तुम्ही टाका, फ्रिजमधलं शिळं तुम्ही काढा. स्वयंपाक तुम्ही करा आणि ती आंघोळीला किंवा बाहेर चालायला गेली असताना करा, खिडक्या उघड्या, झाकण ठेवून. गरम अन्नाचा वास जास्त पसरतो, म्हणून तिला वाढताना गार किंवा कोमट द्या, गार भात, गार उकडलेला बटाटा, दही, फळं हे वाफाळत्या ताटापेक्षा चांगलं जातं.

आणि 'काय खाणार' विचारणं सोडून द्या हो. ज्याला मळमळतंय त्याला पदार्थाचं नाव घेतलं तरी ढवळतं, त्यात तिला वाटतं आपण सगळ्यांना त्रास देतोय. लहान वाटीत थोडंसं काहीतरी तिच्याजवळ ठेवा, काही न बोलता, आणि बाजूला व्हा. खाल्लं तर खाल्लं, नाही तर तासाभराने दुसरं ठेवा. एक नवरा मी बघितलाय, रोज रात्री बायको झोपल्यावर उशाशी बिस्किटांची डबी भरून ठेवायचा आणि शेजारी छोटी पाण्याची बाटली, बाटलीवर पेनने रेघा मारलेल्या, दोन-दोन तासांच्या. ती मला म्हणाली होती की मळमळ तेवढीच होती पण एकटं वाटत नव्हतं. सतत रडणं, कशातच मन न लागणं, नको हे बाळ असं वाटणं, यातलं काही दोन आठवडे टिकलं तर डॉक्टरांना तेही सांगा, उलट्यांइतकंच तेही सांगायचं असतं.

प्रश्न : घरगुती सगळं करून झालं, डॉक्टरांनी गोळी लिहून दिलीय पण घ्यायची भीती वाटते. पूर्वी अशाच गोळीने मुलं अपंग जन्मली होती ना?

उत्तर : हो, ते खरं आहे, आणि तुझी भीती उगाच नाही. थॅलिडोमाइड नावाचं औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं, झोपेसाठी आणि गरोदर बायकांच्या मळमळीसाठी ते सर्रास दिलं गेलं, १९६१ च्या शेवटी मागे घेतलं तोवर जगभरात दहा हजारांच्या वर मुलं हातापायांची वाढ न होता किंवा इतर व्यंगं घेऊन जन्मली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरेसा पुरावा नाही म्हणून परवानगी अडवून धरली, त्यामुळे तिथे ते तेव्हा विक्रीला आलंच नाही. तेव्हापासून गरोदरपणातली औषधं तपासायची पद्धतच कडक झाली.

पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. डॉक्सिलामिन आणि व्हिटॅमिन बी-६ ही जोडी १९५६ पासून अमेरिकेत मळमळीसाठी वापरात होती, त्यावर व्यंगांचे आरोप झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १९८३ मध्ये कंपनीने ती बंद केली. ती बंद झाल्यावर व्यंगं घेऊन जन्मणाऱ्या मुलांचं प्रमाण कमी झालं का, तर नाही झालं. उलट्यांमुळे अ‍ॅडमिट होणाऱ्या बायका मात्र वाढल्या. खूप अभ्यासांनंतर २०१३ मध्ये तीच जोडी पुन्हा मंजूर झाली आणि आज बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला हीच दिली जाते. नुसतं बी-६ सुद्धा काहींना पुरतं, डॉक्टर ते साधारण १० ते २५ मिलिग्रॅम दिवसातून तीन-चारदा देतात. डॉक्सिलामिनने झोप येते, गाडी चालवायची असेल तर लक्षात ठेव.

तुझ्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते तू कळवलं नाहीस, म्हणून डॉक्टरांना सरळ विचार की हे कोणतं औषध, किती वर्षं वापरात आहे, कितव्या आठवड्यापासून चालतं. चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही. मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या किंवा प्रवासातली उलटीची गोळी आपल्या मनाने घेणं, हे मात्र नको.

प्रश्न : मला मळमळ अजिबात होत नाहीये, सगळे म्हणतात व्हायला हवी. काही गडबड आहे का?

उत्तर : नाही. ज्यांना मळमळ होते त्यांच्यात गर्भपाताचं प्रमाण थोडं कमी दिसतं हे खरं, पण त्याचा अर्थ न होणाऱ्यांचं काही बिघडलंय असा होत नाही, कितीतरी जणींना नऊ महिने एकही उलटी होत नाही आणि बाळ ठणठणीत असतं. त्रास येतो-जातो तसाही. रक्तस्राव किंवा पोटात कळा असतील तरच लगेच दाखवायचं, नाहीतर छान खा आणि ठरलेल्या सोनोग्राफीला जा.

प्रश्न : माझ्या मुलीला दहावा आठवडा आहे. दिवसात आठ-दहा उलट्या होतात, कालपासून पाणीही राहत नाही, लघवी गडद पिवळी होते आणि ती उठली की चक्कर येते म्हणते. आम्ही पण आमच्या वेळी सोसलंच की, होईल ना कमी?

उत्तर : काकू, तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन करून आजच्या आज दवाखान्यात न्या म्हटलं होतं, इथे पुन्हा लिहितेय ते बाकीच्यांसाठी. तुम्ही सोसलंत ते मला माहीत आहे आणि तुमच्या वेळी कुणी विचारलंही नसेल, पण मुलीला जे होतंय ते सोसण्यातलं नाही. याला हायपरएमेसिस म्हणतात, शंभरात एखाद-दुसरीला होतं, ब्रिटनच्या राजघराण्यातल्या केट यांनाही २०१२ मध्ये याच कारणाने अ‍ॅडमिट व्हावं लागलं होतं. हे आलं-लिंबाने थांबत नाही आणि थांबलं नाही म्हणून मुलीचं काही चुकलंय असंही नाही.

कधी निघायचं ते सांगते. २४ तास काहीच, पाणी सुद्धा, पोटात राहिलं नाही. आठ तासांत लघवीच झाली नाही किंवा अगदी थोडी आणि गडद झाली. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, छाती धडधडते. उलटीत रक्त आहे. पोटात दुखतंय, ताप आहे, लघवीला जळजळतंय. गरोदरपणाआधीच्या वजनातलं शंभरात पाच कमी झालं, म्हणजे ५० किलोची असेल तर अडीच किलो. यातलं एकही असेल तर रात्र काढायची नाही. आणि उलट्या पहिल्यांदाच नवव्या आठवड्यानंतर सुरू झाल्या असतील तर कारण दुसरंच असू शकतं, तेही दाखवायचं.

तिथे सलाईन लावतात, लघवीत कीटोन, म्हणजे उपाशी राहिल्याने चरबी जळून तयार होणारे पदार्थ, आहेत का बघतात, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम बघतात, उलटी थांबवायचं औषध शिरेतून देतात. बरेच दिवस काही खाल्लेलं नसेल तर ग्लुकोजच्या आधी थायमिन म्हणजे व्हिटॅमिन बी-१ द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून किती दिवस खाणं बंद आहे ते न विचारता सांगा. बहुतेक मुलींना एक-दोन सलाईन झाल्या की चेहऱ्यावरच फरक दिसतो.

जाताना एका कागदावर २४ तासांतल्या तीन गोष्टी लिहून न्या, किती तास मळमळत होतं, किती उलट्या झाल्या, किती वेळा नुसतेच कोरडे उमासे आले. शिवाय शेवटची लघवी किती वाजता झाली आणि कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत ते. मुलीला त्या अवस्थेत बोलायला सुचत नाही, तो कागद तुम्ही हातात धरा आणि आत गेल्या गेल्या डॉक्टरांपुढे ठेवा. घरी परत आल्यावर पण तो चालू ठेवा, उलट्या पुन्हा वाढतायत का ते त्यावरच पहिल्यांदा दिसेल.